निळ्या फेजवरची लाइन

सीताबाई कंपाउंडच्या पार्किंगमध्ये विजेच्या गाड्यांसाठी चार्जर बसवायचे ठरले आणि ते निवडायचं काम धम्मदिनाकडे आलं, तेव्हा ऑफिसातल्या झाडून सगळ्यांचं एकच मत पडलं, की यात निवडण्यासारखं आहे काय? गाडी उभी करायची, चार्जरची गन लावायची, बॅटरी भरली की घरी जायचं. लोकांचं बरं असतं. ज्याला निवडायचं नसतं त्याला सगळंच सोपं दिसतं.

अंजूरला खाडीच्या अंगाला पूर्वी पंढरीशेठची भातशेती होती. आता तिथं गोडाऊनच्या रांगा आहेत आणि पंढरीशेठच्या आईचं नाव तेवढं पाटीवर राहिलंय. कंपाउंडचा कारभार बघते पंढरीशेठची सून करिष्मा, आणि करिष्माचा उजवा हात म्हणजे धम्मदिना. नारपोलीहून रोज रिक्षानं येणारी, पाण्याच्या टाकीपासून सिक्युरिटीच्या ड्युटीपर्यंत सगळं निस्तरणारी. तिचे वडील लहानू यांनी उभा जन्म नारपोलीच्या लूममध्ये वायरमनकी केली. त्यामुळे फेज, न्यूट्रल, अर्थिंग हे शब्द तिनं बाराखडीच्या आधी ऐकलेले.

गाळ्यांतल्या लोकांनी हौसेनं इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या होत्या आणि खिडकीतून वायरी सोडून ते त्या चार्ज करत. एके दिवशी खुद्द करिष्माचाच पाय अशा वायरीत अडकला आणि ती तोंडावर आपटता आपटता वाचली.

"दिना, बास झालं हे," ती सँडल शोधत म्हणाली. "पार्किंगला थ्री फेजचे दोन चांगले चार्जर बसवून टाक. कुठले घ्यायचे ते तू ठरव. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

मग विक्रेता आला. तरुण, गोरागोमटा, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. त्यानं टेबलावर दोन प्रकार मांडले. एक साधा. भिंतीवरचा डबा, गाडी लावली की वीज देतो, काढली की बंद होतो, बोलत नाही, सांगत नाही. दुसरा नेटला जोडलेला.

"हा हुशार आहे, मॅडम," तो म्हणाला. "याच्या लोड मोजणाऱ्या कड्या आम्ही तुमच्या पॅनलच्या मेन वायरींवर बसवतो. पॅनलवर एकूण किती लोड आहे ते याला सतत दिसतं. एसी चालू झाला, पंप चालू झाला, की हा गाड्यांचा वाटा आपोआप कमी करतो. मेन ब्रेकर कधी पडणार नाही. आणि सगळं तुमच्या फोनवर. आत येणाऱ्या तिन्ही वायरी, लाल फेज, पिवळा फेज, निळा फेज, कुठल्या वेळी किती, सगळं."

त्यानं फोनवर दुसऱ्या कुठल्याशा कंपाउंडचा आलेख दाखवला. तीन रंगांच्या तीन रेघा वरखाली होत होत्या.

"हे बघा. सुट्टीच्या दिवशी सगळं बंद, तरी पिवळा फेज खाली येईना. मालक म्हणाले, हे काय? शोधलं तर मागच्या टपरीवाल्यानं गुपचूप वायर मारलेली. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नव्हता. यानं आठवड्यात पकडून दिला." आणि तो मोठ्यानं हसला.

धम्मदिनाही हसली. पण तिची नजर त्या पिवळ्या रेघेवरून हलेना. कारण तिच्या कंपाउंडचा निळा फेजसुद्धा सुट्टीच्या दिवशी खाली येत नव्हता, आणि तो का येत नाही हे तिच्याशिवाय आणि नामाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

नामा म्हणजे गेटवरचा सिक्युरिटीवाला. मूळचा शेलार गावचा. कंपाउंडच्या मागच्या भिंतीला लागून त्याची दोन खोल्यांची जागा. बायको ठमाबाई. तिनं नारपोलीच्या लूममध्ये आयुष्यभर कांड्या भरल्या, म्हणजे लूमसाठी सूत गुंडाळून दिलं, आणि ते करताना सुताचा फुफाटा छातीत भरून घेतला. आता ती हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या मशीनवर होती. नाकात नळी, पलंगाशेजारी घुर्र-ठक्, घुर्र-ठक् करणारं मशीन. मशीन थांबलं की तिचे ओठ काळे पडत.

गावातल्या लाइटचा भरवसा नव्हता. आज आहे, उद्या नाही. कंपाउंडच्या पॅनलला मात्र मोठा जनरेटर जोडलेला. बाहेरची वीज गेली रे गेली की तो भिंतीपलीकडे आपोआप धडधडायला लागे. एकदा गावात दिवसभर लाइट गेली आणि नामा गेटवर उभ्या उभ्या रडायला लागला. पन्नाशी उलटलेला, मिशीवाला गडी. धम्मदिनानं विचार केला नाही. पॅनल उघडलं, निळ्या फेजवर सगळ्यात कमी लोड असतो म्हणून तिथून एक वायर काढली, भिंतीवरून पलीकडे सोडली आणि म्हणाली, "घ्या." नारपोलीत असंच वाढली होती ती. शेजारी लग्न असो, दुखणं असो, कुणाची लाइट गेली तर भिंतीवरून लाइन द्यायची. पाण्याला आणि लाइनीला नाही म्हणू नये, हे लहानूचं वाक्य तिच्या हाडात मुरलेलं.

फक्त एक गोष्ट ती सोयीनं विसरली. मीटर तिचं नव्हतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं फार सोपं असतं, आणि ते ठेवून मिळणारं समाधानही फुकटचंच असतं.

त्या दुपारी ती भिंतीला वळसा घालून नामाच्या घरी गेली. ठमाबाई पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिला बघून नळीसकट हसली.

"ये गो बाय, बस. नामा सांगत व्हता, गाड्यांना दूध पाजायचं मशीन येतंय तुमच्याकडं."

"दूध नाही मावशी, लाइट."

"तेच ते. मलापन लाइटच पाजताव तुमी." ती हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. "दोन गाड्या आन् तिसरी मी."

बाहेर येऊन धम्मदिनानं नामाला सगळं सांगितलं. नामानं टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, तुमी जो चांगला हाय तोच घ्या. आमच्यापायी तुमची नोकरी जायाला नको."

"आणि मावशी?"

त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. मशीन आतून घुर्र-ठक् करत होतं. तो म्हणाला, "तिला शेलारला भावाकडं नेतो म्हनलं, तं तिथली लाइट हिच्याहून बेकार."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा प्रकार झाला. हुशार चार्जर घ्यावा, तर चार दिवसांत करिष्माच्या फोनवर निळी रेघ सुट्टीच्या दिवशीही वरच अडकलेली दिसणार. साधा घ्यावा, तर दोन गाड्या, ऑफिसचे एसी आणि पंप एका वेळी चालू झाले की मेन ब्रेकर पडणार. आणि ब्रेकर पडला की जनरेटर चालू होत नाही. जनरेटर बाहेरची वीज गेली तर धावून येतो. वीज बाहेर उभीच असेल आणि दार आपणच लावून घेतलं असेल, तर त्याला कळायचं कसं? म्हणजे साधा डबा ठमाबाईचं गुपित राखणार आणि तिचा श्वास धोक्यात घालणार. हुशार चार्जर श्वास सांभाळणार आणि गुपित फोडणार.

दोन दिवस धम्मदिनाच्या तोंडाला चव नव्हती. घरी लहानूनं विचारलं, "काय गं दिना, जेवत का नाय?" तर त्याच्यावरच खेकसली. शेवटी तिनं मनाशी तोडगा काढला. साधाच घ्यायचा, आणि पाटी लावायची, की एका वेळी एकच गाडी. आपण लक्ष ठेवू. घाबरलेला माणूस नेहमी स्वतःच्या लक्षावर फार भरवसा ठेवतो.

"मॅडम, साधाच बरा," तिनं करिष्माला सांगितलं. "नेटवाल्याचं नेट जातं, अॅप अडकतं, उगाच डोक्याला ताप. डबा कसा, वर्षानुवर्षं चालतो."

करिष्मानं लॅपटॉपमधून मानही वर केली नाही. "मला तो ग्राफवाला आवडला होता खरं तर. पण तू म्हणतेस ना? मग झालं. तुझ्यावर सोडलं की मला झोप लागते."

तेवढं एक वाक्य ती बोलली नसती तर बरं झालं असतं. धम्मदिनानं मान हलवली आणि ती बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत उभी राहिली. आपण या बाईशी खोटं बोललो, आणि तिनं ते हातात फूल घ्यावं तसं घेतलं, याची तिला इतकी लाज वाटली की आरशात बघवेना.

चार्जर बसले. पंढरीशेठनी नारळ फोडला, पेढे वाटले गेले. भर दुपारची वेळ, घामानं सगळे डबडबलेले. गाळ्यातल्या एका मॅनेजरनं आपली गाडी पहिल्या चार्जरला लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धम्मदिनाची पाटी अजून पेंटरकडेच होती.

"थांबा थांबा, मीपण लावते," करिष्मा म्हणाली आणि तिनं आपली गाडी दुसऱ्या चार्जरला लावली. "दिना, फोटो काढ."

"मॅडम, एका वेळी एकच..." धम्मदिना म्हणाली.

"अगं दोन मिनिटं. उद्घाटन आहे!"

आणि तेवढ्यात, रोज दुपारी भरतात तशी टाकी भरायला कुणीतरी पंप चालू केला.

ठक्. एवढाच आवाज झाला. ऑफिसचे एसी बंद, पंखे बंद, दोन्ही चार्जरचे दिवे विझलेले. लोक हसायला लागले. "झालं उद्घाटन!" कुणीतरी ओरडलं. पंढरीशेठही हसले. मेन पॅनल समोरच, गेटच्या खोलीत होतं, चार पावलांवर. सगळ्यांना वाटलं, धम्मदिना आता तिकडे जाईल, खटका वर करेल आणि हसत परत येईल.

धम्मदिना उलट्या दिशेला पळाली.

पायातली चप्पल सुटली तरी ती थांबली नाही. कंपाउंडच्या मागच्या दारातून, भिंतीला वळसा घालून, गटारावरच्या फळीवरून ती पळत सुटली. पॅनलकडे आधी जायला हवं होतं हे तिला अर्ध्या वाटेत सुचलं, पण पाय ऐकेनात. तिला फक्त ठमाबाईचे ओठ दिसत होते.

खोलीत मशीन गप्प होतं. जेवायला घरी आलेला नामा गुडघ्यांवर बसून अडीनडीला ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी फिरवत होता, आणि ती घामेजल्या हातात फिरत नव्हती. ठमाबाई पलंगाच्या कडेला दोन्ही हात रोवून पुढं वाकली होती, मासोळी पाण्याबाहेर टाकल्यावर करते तसं तोंड उघडत, मिटत. धम्मदिनानं ओढणीच्या पदरात चावी धरून जोर लावला. फिस्स् झालं. नळी लावली. एक श्वास. मग दुसरा. ठमाबाईनं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

तेव्हा धम्मदिनानं मागं वळून पाहिलं. दारात करिष्मा उभी होती. हातात धम्मदिनाची सुटलेली चप्पल. तिनं मशीनकडे पाहिलं, मशीनच्या वायरीकडे पाहिलं, आणि ती वायर खिडकीतून, भिंतीवरून कुठं जाते तेही पाहिलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ते कुठल्याही आलेखाशिवाय फुटलं होतं.

करिष्मानं चप्पल उंबऱ्याशी ठेवली आणि ती निघून गेली. थोड्या वेळानं मशीन घुर्र-ठक् करत चालू झालं. खटका तिनंच वर केला होता.

संध्याकाळी तिनं धम्मदिनाला आत बोलावलं आणि दार लावलं.

"म्हणून साधा डबा हवा होता तुला?"

"हो."

"मला विचारलं असतंस तर?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं, मॅडम."

करिष्मानं लॅपटॉप मिटला. "म्हटलं असतं, कदाचित. पण ते माझं 'नाही' झालं असतं, दिना. तू माझं 'नाही' मला न विचारताच ठरवून टाकलंस. आणि वर माझ्याच हातून आज त्या बाईचा जीव घेत होतीस. गाडी मी लावली. हसत हसत लावली." तिचा आवाज फाटला. "मला माहीतच नव्हतं."

धम्मदिनाला रडू फुटलं. तिनं ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

"तुला काढत नाही," करिष्मा म्हणाली. "पप्पांना सांगत नाही. पण ती लाइन काढ. मला माहीत नव्हतं तोवर ती तुझी होती. आता माहीत झालं, आता ती माझी आहे. उद्या आगीची तपासणी आली, विम्याचे लोक आले, कुणाला त्या उघड्या वायरीचा शॉक बसला, तर मी काय सांगू? आणि हे डबे परत पाठव. तो ग्राफवाला मागव."

घरी आल्यावर धम्मदिनानं लहानूला सगळं सांगितलं. तो जमिनीवर बसून जुन्या पक्कडला तेल देत होता. लूम सुटून वर्षं झाली तरी हत्यारांना तेल देणं सुटलं नव्हतं.

"बाबा, तुम्हीच म्हणायचात ना, लाइनीला नाही म्हणू नये?"

"म्हणायचो," लहानू म्हणाला. "पण दिना, मी दिली ती लाइनपण शेठच्याच मीटरची असायची. मी कुठला मीटरवाला? शेठकडं जायचो, उभा राहायचो, सांगायचो, अमक्याच्या घरी बाळंतीण आहे, लाइन देतोय. कधी शिव्या खायचो. एकदा थोबाडीत खाल्ली. पण सांगून द्यायचो." त्यानं पक्कड फडक्यात गुंडाळली. "न सांगता दिलेली लाइन दोघांच्याही गळ्यात फास असते, बाय. देणाऱ्याच्यापण आणि घेणाऱ्याच्यापण."

असं तो आयुष्यात कधी तिला टोचून बोलला नव्हता. तिला ते लागलं, आणि खरं होतं म्हणून जास्त लागलं.

"आता काढायचीय ना? मग तूच काढ," लहानू म्हणाला. "नामाला हात लावू देऊ नको. दिलेली लाइन देणाऱ्यानंच काढायची. घेणाऱ्यानं तोडली तर टोक जिवंत राहतं, माणूस चिकटतो. आणि मनातपण तेढ राहते." मग तो उठला आणि घरातला इन्वर्टर सोडवायला लागला. "हा नेऊ त्यांच्याकडं. बॅटरी जुनी आहे, पण थोडा वेळ तरी ओढील. आपल्याला काय, अंधारात बसू."

दुसऱ्या दिवशी दुपारी बापलेक अंजूरला गेले. ठमाबाई झोपली होती. नामानं गावच्या लाइटवर इन्वर्टर जोडून घेतला आणि मशीनची पिन हळूच बदलली. घुर्र-ठक् दोन ठोके चुकलं आणि परत लागलं. ठमाबाईची झोप मोडली नाही.

धम्मदिनानं पॅनलमधला खटका पाडला, हातमोजे घालून निळ्या फेजवरची वायर सोडवली आणि भिंतीवरून ओढून घेतली. गुंडाळताना तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी नाकातली नळी ओढतोय. लहानू शेजारी उभा होता, त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. वायरीचं भेंडोळं नामानं भिंतीवरून घेऊन आपल्या खाटेखाली सारलं.

"मॅडम, एक इनंती हाय," तो म्हणाला. "हिला सांगू नका. हिला वाटू दे लाइन हायेच. तिला त्याचा लई आधार हाय. जनरेटरचा आवाज आला का म्हनते, झोप आता बिनघोर."

नेटला जोडलेले चार्जर आले. कड्या बसल्या. करिष्माच्या आणि धम्मदिनाच्या फोनवर तीन रंगांच्या रेघा चालायला लागल्या. दोन गाड्या लावा, तीन एसी लावा, पंप लावा, गाड्या आपोआप थोडं कमी घेत आणि ब्रेकर जागचा हलत नसे. ऑफिस बंद झालं की तिन्ही रेघा खाली येऊन एकीवर एक झोपत. करिष्मानं एकदा तो आलेख तिला पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, किती स्वच्छ." तिच्या मनात वाईट नव्हतं. पण धम्मदिनाला ती सपाट निळी रेघ बघवत नसे. दवाखान्यात असल्या रेघेला काय म्हणतात ते तिला माहीत होतं.

मग एक रविवार आला. धम्मदिना घरी ताट वाढून घेत होती. लहानूनं पहिला घास घेतला आणि तिच्या फोनवर संदेश वाजला. "मुख्य पुरवठा खंडित. चार्जिंग थांबले आहे." लगेच मागोमाग दुसरा. "जनरेटरवर पुरवठा सुरू. सर्व काही सुरळीत आहे."

सर्व काही सुरळीत. तिनं ताट बाजूला सारलं आणि नामाला फोन लावला.

"नामाभाऊ, गावात लाइट आहे का?"

"सकाळपास्न न्हाय, मॅडम." त्याच्या आवाजामागं इन्वर्टरची शिट्टी ऐकू येत होती, बॅटरी संपत आल्यावर येते ती. "आता तं तुमच्या कंपाउंडचीबी गेली. इन्वर्टर मघापास्न बोंबलतोय. सिलिंडर हाय थोडासा. तुमाला सुट्टीच्या दिवशी कशाला..."

मग फोन कुणीतरी ओढून घेतला. ठमाबाई. एकेक शब्द ती श्वासाच्या पायऱ्या चढून आणत होती.

"बाय... जनरेटर चालू झाला गो... मी ऐकते ना, भिंतीच्या पल्याड. हा नामा उगाच घाबरतो... म्हनलं, येल आता आपली. येल ना?"

धम्मदिना ताटावरून उठली.

"येईल, मावशी," ती म्हणाली.

ती चप्पल घालेपर्यंत लहानूनं ताटावर झाकण ठेवलं आणि पक्कड, टेस्टर, हातमोजे पिशवीत भरले. रिक्षात बसल्यावर तिनं करिष्माला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. तेव्हा तिनं बोलून संदेश पाठवला, आणि रिक्षाच्या आवाजात ओरडून ओरडून पाठवला.

"मॅडम, मी नामाभाऊंना लाइन देतेय. आत्ता. गावात सकाळपासून लाइट नाही आणि आपला जनरेटर त्यांच्या भिंतीला लागून चालू आहे. या वेळी सांगून देतेय. वायर पाइपातून नीट घालीन, तिला वेगळा ब्रेकर बसवीन, हवं तर वेगळं मीटर लावीन. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर मला तोंडावर म्हणा. कामावरून काढायचं असेल तरी काढा. पण तुम्ही सांगेपर्यंत मी लाइन देतेय."

अंजूरला पोचेपर्यंत उत्तर आलं नव्हतं. नामानं खाटेखालचं भेंडोळं भिंतीवरून परत सोडलं. गेटजवळच्या पॅनलच्या खोलीतही जनरेटरची धडधड पोचत होती. धम्मदिनानं खटका पाडून हातमोजे चढवले. लहानूनं टॉर्च धरला. तिनं तीच वायर त्याच जागी लावली, स्क्रू आवळला आणि खटका वर केला.

फोन तिनं पॅनलच्या कडेवर उभा करून ठेवला होता. निळी रेघ हळूच उचलली आणि वर जाऊन थांबली. खाली लाल अक्षरांत सूचना आली. "निळ्या फेजवर अनोळखी लोड. कृपया तपासा." हीच सूचना या घडीला करिष्माच्या फोनवरही पडली असणार, हे तिला ठाऊक होतं.

फोन उचलून बापलेक मागच्या भिंतीपाशी गेले, तेव्हा जनरेटरच्या धडधडीतूनही पलीकडून घुर्र-ठक् ऐकू आलं. मग ठमाबाईचा आवाज, दमलेला, पण नवऱ्यावर डाफरण्याइतका ताजा.

"बघ! म्हनलं न्हवतं तुला? जनरेटर चालू झाला का आपली येते. येते म्हंजे येते. उगाच रडतस बायकांसारखा."

लहानूनं टॉर्च बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

फोन थरथरायला लागला. करिष्माचं नाव आलं होतं. धम्मदिनानं हातमोजा काढला, एक मोठा श्वास घेतला आणि फोन कानाला लावला.